मातीकडे परतण्याची वाट

मला भीती वाटायची असे नुसते लिहिले तर ते खोटे होणार नाही, पण पुरेही पडणार नाही. भीती वाघाची वाटते, पुराच्या पाण्याची वाटते. मला जे व्हायचे त्यात समोर कोणी उभेच नसायचे. वसतिगृहात जेवणाच्या रांगेत ताट धरून उभी असताना, हजेरीत आपले नाव जवळ येत असताना, कधी नुसते केस विंचरताना श्वास छातीत अर्ध्यावर थांबायचा. बोटांना मुंग्या यायच्या. मग वाटायचे की मी टाळूतून थोडी वर निघून गेले आहे आणि खाली उभी असलेली मुलगी कोणी दुसरीच आहे. दहा मिनिटांत ते ओसरायचे. पण ओसरल्यावर ते पुन्हा कधी येईल याची वाट पाहणे सुरू व्हायचे, आणि ते मात्र दिवसभर संपायचे नाही.

आमचे गाव वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात, जंगलाच्या कडेला. बाबा रोपवाटिकेत कामाला जातात, आई दुसऱ्यांच्या शेतात. ती दोघे आपसात गोंडी बोलतात. आम्हा बहिणींना समजते, पण तोंडातून उत्तर मराठीच निघते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. वर्ध्याला विज्ञान शाखेत प्रवेश मिळाला तेव्हा बाबा मला सोडायला आले होते. वसतिगृहाच्या फाटकाशी ते म्हणाले, "तू टिकली तं लहानीलेही पाठवू. तू वापस आली तं मंग तिचं काय सांगू मी घरच्याइले?" त्यात धाक नव्हता. ते खरेच विचारत होते. माझी लहान बहीण तेव्हा बारावीत होती आणि माझ्यापेक्षा हुशार आहे. त्या दिवसापासून मी दोघींसाठी श्वास घेत होते असे म्हटले तरी चालेल.

पहिल्या सत्राच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मी ब्युरेटची तोटी धरून उभी होते. द्रावण थेंबाथेंबाने सोडायचे आणि रंग फिकट गुलाबी झाला की थांबायचे, एवढेच काम. बाहेरून आलेले परीक्षक माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि माझा हात माझा राहिला नाही. द्रावण वाहून गेले, सगळे गडद गुलाबी झाले, आणि मी वही तिथेच टाकून पळाले. जिन्याखाली बसून राहिले. आमच्या सरांनी नंतर बोलावून सांगितले की आजारपणाचा दाखला आणला तर पुढच्या सत्रात फेरपरीक्षा देता येईल, पण ती एकदाच. चुकली तर वर्ष गेले.

दवाखान्यात गेले. छातीवर तारा लावून पट्टी काढली, रक्त तपासले. हृदय ठणठणीत होते. डॉक्टर म्हणाले ही घबराट आहे, होते अशी, आणि त्यांनी समुपदेशक मॅडमकडे पाठवले. मॅडम चांगल्या होत्या. पण त्यांनी "आता कसं वाटतंय?" असे विचारले की मी "बरं आहे" म्हणायची. मोठ्या माणसाने कसे आहे विचारले की बरे आहे म्हणायचे असते, असेच मला माहीत होते. दोन भेटींत त्यांना वाटले मी बरी झाले.

माझ्या खोलीत हिंगणघाटची एक मैत्रीण राहते. ती एका मंगळवारी मला पवनारला घेऊन गेली. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात, त्यांना सगळे ताई म्हणतात. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत त्या दर मंगळवारी संध्याकाळी पाचपासून साडेसहापर्यंत एक साधना शिकवतात. तिला त्या पंचतत्त्व प्रवाह म्हणत. त्यांच्या गुरूंनी त्यांना ती दिली होती आणि ती तंत्रमार्गातली आहे हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले. माझा चेहरा पडलेला पाहून म्हणाल्या, "घाबरू नको. माझ्याकडे काळी बाहुली नाही. अन् लिंबू मी फक्त सरबतात पिळते." सगळे हसले, मी पण हसले, पण बसले ती दाराजवळच. आमच्याकडे तांत्रिक म्हटले की माणसे दार लावून घेतात.

खोलीत मूर्ती नव्हती. एका पाटावर मातीचा गोळा, पाण्याचा तांब्या, पेटलेले निरांजन, एक मोरपीस आणि एक रिकामी वाटी. रिकामी वाटी आकाशाची. आधी पाय फाकून, गुडघे वाकवून, तळवे जमिनीला टेकवून पृथ्वी; शरीर पोत्यासारखे जड होऊ द्यायचे आणि मनात लं म्हणायचे. त्यातूनच, न थांबता, कमरेपासून वर्तुळे घेत पाणी, वं. मग बेंबीपाशी श्वासाचा भाता चालवत अग्नी, रं. मग हात पसरून, छाती उघडून वायू, यं. शेवटी स्थिर बसून, डोळे मिटून आकाश, हं. कुठेही तोडायचे नाही, एकातून दुसरे वाहत आले पाहिजे. ताई हळू आवाजात सांगत, "माती पाण्यात विरू द्या. पाणी अग्नीत आटू द्या. अग्नी वाऱ्यात जाऊ द्या. वारा आकाशात थांबू द्या. आता काही धरू नका." सुरुवातीला त्या एकच वाक्य म्हणायला लावत, "आई, तुझ्या मांडीवर बसते." कोणती आई ते त्यांनी सांगितले नाही. मी विचारलेही नाही.

पहिल्या दिवशी मला खूप बरे वाटले. पण आमच्या वसतिगृहाचे फाटक सातला लागते, आणि पवनारहून वेळेत पोचायचे तर सव्वासहाची बस धरावी लागे. म्हणजे आकाश सुरू होऊन पाचसात मिनिटे झाली की मला उठावे लागे. सगळ्यांचे डोळे मिटलेले असत. मी दाराजवळची चटई धरत असे, तिथून चपला हातात घेऊन, पाय न वाजवता बाहेर पडे. मला वाटायचे उरले ते काय, थोडा वेळ पडून राहायचे आणि खडीसाखर वाटायची. मैत्रीणही माझ्यासोबतच उठायची, आणि दुसऱ्याच आठवड्यात ती कंटाळून यायची थांबली. ताईंना सांगावे असेही कधी वाटले नाही. लवकर जाते म्हटले तर त्या येऊ नको म्हणतील, अशी भीती होती.

मग मी वसतिगृहाच्या गच्चीवर रोज पहाटे एकटी करू लागले. लं, वं, रं, यं, हं. आकाशात बसायचे, घड्याळ पाहून उठायचे, आंघोळीच्या रांगेत लागायचे. पंधरा-वीस दिवस गेले आणि माझ्या लक्षात आले की माझा त्रास कमी होण्याऐवजी वाढला आहे. साधनेत बसल्यावर हलके वाटायचे, पण ते हलकेपण उतरतच नसे. जिना उतरताना पायरी खाली आहे याची खात्री वाटेना. जेवणाचा घास तोंडात कोणा दुसऱ्याच्या वाटे. आकाशात सोडून दिलेले जे काही होते, ते मला दिवसभर सापडत नव्हते. मैत्रीण चेष्टेने म्हणायची, "आली पाह्य हवेतली बाई. हिच्या पायाले दोरी बांधा कोणीतरी." मी हसायची आणि घाबरायची.

आणि मी काय केले, तर साधना अजून जास्त केली. सकाळी एकदा करत होते ते दोनदा करू लागले. वाटले, माझीच श्रद्धा कमी पडते. कॉलेजात नापास झालेली मुलगी अभ्यासाचे तास वाढवते, तसे.

मैत्रिणीच्या तोंडून ही गोष्ट माझ्या बहिणीला कळली आणि बहिणीकडून आईला. आईचा फोन आला. "काऊन वं, तांत्रिकाच्या घरी जाऊन राह्यली म्हणे तू?"

"तांत्रिक नाही आई. ताई आहेत एक. व्यायामासारखं आहे."

"व्यायाम करायले डोळे कायले मिटा लागते?" मग ती म्हणाली, "तुले काई झालं तं आम्ही कोणापाशी जावं, सांग." ती रडत नव्हती, पण तिचा आवाज बारीक झाला होता. त्यानंतर मला दोन्हीकडून भीती वाटू लागली. साधना सोडली तर आधार जाईल, आणि केली तर आईचे म्हणणे खरे ठरेल.

फेरपरीक्षा मार्च महिन्यात, एका सोमवारी दुपारी बाराला होती. मी शनिवारी गावी गेले होते, कारण बाबांनी बोलावले होते. त्यांनी परीक्षेचा विषय काढला नाही. लहानीने तेवढे विचारले, "ताई, या वेळी देशील ना?" सोमवारी सकाळी मी निघाले. आर्वीला गाडी बदलून वर्ध्याच्या बसमध्ये खिडकीशी बसले. मांडीवर प्रयोगवही, त्यात सरांनी लिहून दिलेला परवानगीचा कागद. आर्वी मागे पडली तशी बोटांना मुंग्या सुरू झाल्या. तेव्हा मी जे करायला नको होते तेच केले. चपला काढून पाय सीटवर घेतले, डोळे मिटले आणि मनातल्या मनात प्रवाह सुरू केला. लं. वं. रं. यं. हं. आकाशात पोचले आणि तिथे मला काहीच सापडले नाही. श्वास नव्हता, हात नव्हते, बस नव्हती. मी मरते आहे हे मला अगदी शांतपणे कळले, आणि मग त्या शांतपणाचीच एवढी भीती वाटली की मी वही छातीशी धरून उठले आणि दाराशी गेले.

"बाई, इथं थांबा नाई," कंडक्टर म्हणाले.

"मला उतरायचंय."

"उतरू द्या ना बुवा," मागून एक आजोबा बोलले, "उलटी होऊन राह्यली असन पोरीले. गाडीत करन तं तुमालेच पुसा लागन."

बस थांबली, मी उतरले, बस गेली. धूळ खाली बसल्यावर मला कळले की माझ्या पायात चपला नाहीत. डांबर तापले होते तरी मी हलले नाही. दोन्ही बाजूंना काढणी झालेली हरभऱ्याची शेते, एक कडुलिंबाचे झाड, त्याच्याआड झोपडी. माझी मान वर गेली होती आणि खाली येत नव्हती. वर नुसते पांढरे ऊन होते. परीक्षेला दोन तास राहिले होते, म्हणजे आता ती गेलीच, लहानीचे कॉलेज गेले, हे सगळे मला कोणी लांबून वाचून दाखवत असल्यासारखे ऐकू येत होते.

झोपडीतून एक म्हातारी बाई आली. लुगड्याचा काष्टा, कोपरापर्यंत चिखल. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिले.

"कोणाची वं तू? वर काय पाह्यते? वर कोणी नाई."

तिने माझे मनगट धरले आणि ओढतच लिंबाखाली नेले. तिथे हरभरा पाखडायचे सूप पडले होते. ते उचलून ती जोरजोराने माझ्या तोंडावर वारा घालू लागली. सुपातला कोंडा माझ्या डोळ्यांत गेला, केसांत गेला. "सकाळभर चणेच पाखडले मी," ती म्हणाली, "आता तुले पाखडा लागते. सोड श्वास. सोड वं, कोंबडीवानी छाती फुगवून कायले ठेवली?" मला खोकला आला आणि खोकल्यासोबत श्वास सुटला.

मग तिने माझे हात हातात घेतले. "लय गार पडले." तीन दगड मांडून तिने जाळ केला होता, त्यावर काळा चहा उकळत होता. माझे हात तिने त्या जाळावर धरले, पोळतील इतके जवळ, आणि मी मागे घेतले तेव्हा म्हणाली, "हां, पोळते म्हणते म्हणजे जिवंत हाय." गुळाचा चहा दिला. तो पोटात उतरताना मला पोट आहे हे समजले. चहा संपेपर्यंत तिचे लक्ष माझ्या पायांकडे गेले. तळव्यांना फोड येऊ घातले होते. तिने गडव्याने रांजणातले पाणी आणून पायांवर ओतले, एकदा, दोनदा, तीनदा, आणि स्वतःच्या चिखलाच्या हाताने पाय चोळून धुतले. एवढ्या वयाच्या बाईने माझे पाय धुवावे याची मला लाज वाटली. लाज वाटली म्हणजे मी जवळपास परत आले होते.

ती उठली आणि कामाला लागली. झोपडीच्या दाराशी ती नवी चूल घालत होती. जुनी बकरीने फोडली, असे म्हणाली. पांढरी माती आणि भुसा कालवलेला होता. "माती वाळून राह्यली माही तुया पायी. बसलीच हायेस तं हात लाव." आमच्या घरी आई दर दिवाळीला चूल घालते, ते काम मला येते. मी बसले. दोन्ही तळवे मातीत घातले, मनगटांपर्यंत. माती गार होती, जड होती, आणि मी दाबले की ती मला उलट दाबत होती. माझ्या तोंडून काहीही म्हटले गेले नाही. मी फक्त चुलीची एक बाजू उभी करत राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मान कधी खाली आली तेही कळले नाही.

"परीक्षा आहे माझी," मी शेवटी म्हणाले. "बाराला. वर्ध्याला." आणि मग मी त्या अनोळखी बाईला सगळे सांगितले. पळून गेले होते ते, श्वास थांबतो ते, लहान बहीण आहे ते. कोणालाही न सांगितलेले. तिने हात न थांबवता ऐकले.

"मंग आतापर्यंत कोनाले बोलली काऊन नाई?"

रस्त्यावर दुधाची गाडी येताना दिसली. ती चिखलाचा हात वर करून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. गाडीवाला तिला ओळखत होता. "या पोरीले वर्ध्याले सोड. परीक्षा हाय तिची. रस्त्यात बिडी पीत बसशीन तं पाह्य मंग." तिने स्वतःच्या प्लॅस्टिकच्या चपला काढून माझ्यापुढे ढकलल्या. एक निळी, एक काळी. "वापस आणून देजो," म्हणाली, आणि चुलीकडे वळली.

मी वीस मिनिटे उशिरा पोचले. सरांनी माझ्या पायांकडे पाहिले, मग कागदाकडे, आणि आत सोडले. ब्युरेट भरताना थोडे द्रावण टेबलावर सांडले. परीक्षक मागे आले. तेव्हा मला माझ्या नखांच्या कडेला वाळलेली पांढरी माती दिसली, धुऊनही राहिलेली. मी वळून म्हणाले, "सर, मला घबराट होते. मला एक मिनिट द्याल का?" माझ्या आयुष्यात मी असे काही मागितले नव्हते. ते म्हणाले, "घ्या की. पाणी प्या." एवढेच. जग कोसळले नाही. पहिले मोजमाप चुकले. दुसऱ्या वेळी मी तोटी हळूहळू फिरवली आणि शेवटच्या एका थेंबाला द्रावण फिकट गुलाबी झाले आणि तसेच राहिले.

मंगळवारी मी पवनारला लवकर गेले आणि ताईंना सगळे सांगितले. त्या ऐकत होत्या. बसमध्ये डोळे मिटून काय केले तिथे आल्यावर त्यांनी मला थांबवले.

"आणि परतीचं?"

"परतीचं काय?"

त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग त्यांनी पाटावरची रिकामी वाटी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. त्यांचा आवाज बदलला होता. म्हणाल्या, आकाशात कोणी राहायचे नसते, तिथून परत यायचे असते, सव्वासहानंतर आपण तेच करतो. अर्धी साधना म्हणजे माणसाला माळ्यावर चढवून शिडी काढून घेण्यासारखे आहे. "चूक माझी आहे. दोन महिने दाराजवळची चटई रिकामी होताना पाहते आहे. मला वाटलं तू घरी पूर्ण करत असशील. मी विचारलं नाही." मी म्हणाले, "मीपण सांगितलं नाही."

त्या दिवशी मी बस सोडली. वसतिगृहाच्या रेक्टर मॅडमना ताईंनी स्वतः फोन केला. आकाशानंतर ताईंचा आवाज आला, "आता परत. हं मधून यं. आकाशातून वारा उठू द्या." मी हात हलवले, आणि माझ्या तोंडावर सुपाचा वारा आला, कोंड्यासकट. "वाऱ्यातून अग्नी. रं." माझे तळवे तीन दगडांच्या जाळावर होते. "अग्नीतून पाणी. वं." पायांवर गडव्याने पाणी पडत होते, एकदा, दोनदा, तीनदा. "पाण्यातून पृथ्वी. लं. टेका तळवे." मी तळवे टेकवले आणि मला रडू आवरेना. त्या म्हातारीने तोच क्रम धरला होता. वारा, जाळ, पाणी, माती. एकही पायरी न गाळता तिने मला खाली आणले होते, चहा पाजत आणि शिव्या घालत.

वर्ग संपल्यावर मी हे ताईंना सांगितले. मला वाटले त्या काहीतरी मोठे बोलतील. त्या म्हणाल्या, "मला नाही माहीत. चूल घालणाऱ्या बाईने दुसऱ्या कोणत्या क्रमाने काय केलं असतं?" आणि माझ्या हातावर खडीसाखर ठेवली. मी पहिल्यांदाच ती खाल्ली.

रेक्टर मॅडमनी दुसऱ्या दिवशी बोलावले. मी घाबरत गेले. त्या म्हणाल्या, मंगळवारी साडेसातपर्यंत चालेल, रजिस्टरमध्ये लिहून जात जा. "आधी का नाही विचारलंस?" मला त्या म्हातारीचा तोच प्रश्न आठवला. समुपदेशक मॅडमकडेही मी पुन्हा गेले आणि या वेळी बरे नाही असे सांगितले. अजून जाते. घबराट अजून येते, पण ती येते तेव्हा मला खाली यायची वाट माहीत असते.

निकाल लागला, मी उत्तीर्ण झाले. काठावर, पण झाले. आईला मी सगळे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "माती, पाणी, जाळ. हे तं आपण रोजच करतो. याले शिकायले पवनारले कायले जा लागते?" आता ती अडवत नाही. जूनमध्ये लहानीचा प्रवेश झाला. बाबा तिला सोडायला आले तेव्हा फाटकाशी काही बोलले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले.

चपला परत करायला मी एप्रिलमध्येच गेले होते. मनात धाकधूक होती की तिथे झोपडीच नसेल. झोपडी होती, बकरी होती, आणि बाई दाराशी बसून तूर निवडत होती. तिने मला ओळखले नाही. चपला पुढे केल्या तेव्हा ओळखले.

"तूच का वं ते? वाकडी केली तू माही चूल. एका अंगानं गंज कलंडते."

खरेच, माझ्या बाजूची भिंत उतरती होती. तिने त्याखाली खापराचा तुकडा लावला होता. त्याच चुलीवर तिने चहाचा गंज ठेवला, आणि ते कलंडणारे भांडे एका हाताने धरून बसली. मी तिला क्रमाबद्दल काही विचारले नाही. तिचे नावही विचारायचे राहिले. निघताना मी तिच्या पाया पडले तेव्हा माझे तळवे जमिनीला टेकले, आणि ते वाक्य माझ्या मनात आपोआप आले. आई, तुझ्या मांडीवर बसते.

शरण जाणे म्हणजे सगळे सोडून वर निघून जाणे, असे मला वाटायचे. आता वाटते, मला जमत नाही हे कोणालातरी सांगणे, आणि जे हात खाली ओढतील त्यांना ओढू देणे, एवढेही पुरते. ती म्हातारी कोणी पाठवली, कशी पाठवली, ते मला कळत नाही आणि मी त्याचा हट्ट धरत नाही. मी ऋणी आहे, इतके मात्र कळते. मंगळवारी मी आता दाराजवळची चटई घेत नाही. बहीण शेजारी असते. आम्ही दोघी खडीसाखर हातावर पडेपर्यंत बसतो.